पाच तासांचं विमान, पाच दिवसांची शिदोरी

विमानाने जायचं ठरलं तेव्हा आमच्या अक्कांनी पहिला प्रश्न विचारला, "विमानमा चूल शे का?"

अक्का म्हणजे माझ्या सासूबाई. मी म्हटलं, चूल नाही, पण पाच तासांत तर कराचीला पोचणार. त्यावर त्या म्हणाल्या, "पोचशी तवा पोचशी. रस्तामा कोन देई? बठ्ठं लई जाय." बठ्ठं म्हणजे सगळं. झालं. धरणगावच्या आमच्या स्वयंपाकघरात दोन दिवस विस्तव विझला नाही.

आमच्यासारख्यांनी विमानात बसायचं कारण सांगते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं, बाईंना श्रीमंती आली! हे कराचीला, आमच्या गावच्या शेठजींच्या कापसाच्या पेढीवर. दीड वर्ष घरी आले नव्हते. इकडे थोरल्या लीलाच्या पाठचा आमचा चार वर्षांचा बापू मुदतीच्या तापातून उठला, पण अन्नावरची वासनाच गेली. घास पुढे केला की मान फिरवायचा. पेजेचे दोन चमचे घशाखाली उतरवायला मला तासभर लागायचा. हाताची कांडकी झाली होती नुसती. धुळ्याच्या डॉक्टरांकडे नेलं. तिथेच देवपुरात माझ्या भावाकडे चार दिवस राहिलो. डॉक्टर म्हणाले, "ताप गेला, बाई. आता बाटलीतलं औषध नाही. आपल्या भुकेने जेवला तर उठेल, नाहीतर मी तरी काय करणार? आणि जे द्याल ते घरचं, हलकं. बाहेरचं काही नको."

रात्री झोपेत बापू वडिलांना हाका मारायचा. त्यांना रजा मिळेना. वैशाखाच्या उन्हात मारवाडातून तीन दिवस आगगाडी, ती याला झेपणार नव्हती. बोटीत उलट्या. शेठजी आणि शेठाणी विमानाने कराचीला जायचे होते, पण घरात लग्न निघालं. शेठाणी स्वतः आमच्या ओट्यावर आल्या आणि म्हणाल्या, "दोन जागा आहेत. तू, लीला, आणि बापू मांडीवर. जा." मी त्यांच्या पाया पडले. आजही त्या बाईंचं नाव घेतलं की माझा हात आपोआप जोडला जातो.

तर शिदोरी. तुम्ही मुलांना घेऊन लांब निघणार असाल तर हे नीट वाचा, उपयोगी पडेल. मुख्य दशम्या. पीठ दुधात मळायचं, पाण्याचा थेंब लावायचा नाही. तीन-चार दिवस मऊ राहतात, आणि पाणी नसल्यामुळे अक्कांच्या सोवळ्यातसुद्धा प्रवासात चालतात. मुगाचे लाडू गुळातले, कारण लढाई संपून वर्षही झालं नव्हतं आणि रेशनची साखर चहालाही पुरत नव्हती. शेंगदाण्याची चटणी, मुलांसाठी वेगळी, बिनतिखटाची. ज्वारीच्या लाह्या. थोडे बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, लीलाला कोरडेच चावायला आवडतात. धाकटे दीर नाना सावद्याहून केळी घेऊन आले. मी त्यांना बजावलं होतं, अर्धी पिकलेली आणि अर्धी कच्ची आणा, म्हणजे वाटेत एकेक पिकत जातील. हे सगळं अक्कांनी त्यांच्या पितळी डब्यात भरलं. तो डबा रिकामासुद्धा मला एका हाताने उचलत नाही.

धरणगावहून सकाळच्या गाडीने जळगाव, तिथून मुंबईची गाडी. नाना मुंबईपर्यंत सोबतीला होते. जळगाव स्टेशनवर एक सल्ला: तिसऱ्या वर्गाच्या डब्याकडे धावण्याआधी सुरई भरून घ्या, नळापाशी नंतर फार गर्दी होते. दादरला उतरून टॅक्सी केली. टॅक्सीवाला जुहूला जायचं म्हणून मागेल ते मागत होता आणि नाना त्याच्याशी बैलबाजारात घासाघीस करावी तसे भांडत होते. लाज वाटली मला! शेवटी मीच आत जाऊन बसले.

जुहूला विमानतळावर सामान तोलतात, हे मला ठाऊक होतं. माणसंही तोलतात हे नव्हतं. एका काट्यावर मला उभं केलं, अगदी कापसाची गाठ ठेवावी तसं. पाच-सहा परक्या पुरुषांदेखत माझं वजन मोठ्याने वाचलं. कानशिलं तापली माझी. मग लीला. मग बापूला मी ठेवला, आणि काटा हलला न हलला. तिथल्या कारकुनाने तो आकडा हळूच लिहून घेतला.

सामान मात्र भलतंच जास्त निघालं. कारकून सौम्यपणे म्हणाला, "बाई, हा डबा इथेच ठेवा. विमानात खायला देतात, सँडविच, उकडलेलं अंडं."

नाना म्हणाले, "वहिनी, ऐका त्यांचं. पाच तासांचा तर प्रश्न आहे."

"माझ्या मुलाला बाहेरचं चालत नाही," मी म्हटलं. "अन्न राहणार नाही. ट्रंक राहील."

ट्रंकेत माझी चांगली लुगडी होती. दीड वर्षाने नवऱ्याला भेटायचं, तर बाईमाणूस काय नेसून जाईल याचा विचार करते की नाही? पण त्या वेळी लुगड्यांचं काही सुचलं नाही. तरी वजन बसेना. मग माझ्या लक्षात आलं, जड आहे ते पितळ! तिथेच फरशीवर नानांचं धुवट धोतर अंथरलं, डबा रिकामा केला आणि चार टोकं आवळून गाठोडं बांधलं. काटा बरोबर बसला. कारकून हसला आणि त्याने स्वतः ते गाठोडं उचलून माझ्या हातात दिलं. नाना मागे उभे होते, एका हातात ट्रंक, दुसऱ्या हातात डबा, डोळ्यांत पाणी.

विमानात कानात घालायला कापसाचे बोळे वाटले. लीला म्हणाली, "आई, हा आपल्या गावचा कापूस असेल का?" पण पंख्यांचा आवाज सुरू झाला आणि तिने माझा दंड जो धरला तो अहमदाबादपर्यंत सोडला नाही. बापू मांडीवर पडून होता. मी लाडवाचा चुरा त्याच्या ओठांना लावला. त्याने तोंड पुसून टाकलं.

अहमदाबादला विमान अर्धा तास थांबायचं होतं. तिथे समजलं, पुढे धुळीचं वादळ आहे, ते शमेपर्यंत उड्डाण नाही. पत्र्याच्या एका खोलीत आम्हा सगळ्या उतारूंना बसवलं. दुपार झाली, तीन वाजले. विमानातलं खाणं केव्हाच संपलेलं. समोरच्या बाकावर एक सिंधी आजोबा आणि त्यांची बापूएवढीच नात होती. पोरगी रडून रडून थकली होती. आजोबा संकोचून म्हणाले, "बहनजी, बच्ची के लिए कुछ मिलेगा?"

"मिळेल की! हे काय विचारणं?" असं मी मराठीतच बोलून गेले आणि गाठोडं सोडलं. पोरीला दशमी दिली, वर चटणी. मग एकट्या तिलाच कसं द्यायचं? आजोबांना दिलं, एका पारशी बाईंना दिलं, विमान चालवणाऱ्या साहेबालाही केळं दिलं. लीला लाह्या वाटत फिरत होती. अक्का मनात आल्या. म्हटलं, अक्का, बघा तुमचं बठ्ठं कसं संपतंय.

या गडबडीत पहिल्यांदाच मी बापूकडे पाहत नव्हते. महिनाभर वाटी-चमचा घेऊन मी त्याच्या तोंडाशीच बसलेली असायची. पोरीने दशमी संपवून दोन लाडू उचलले, तेवढ्यात मागून आवाज आला.

"तो मना शे! माले दे!"

बापू बाकावर उठून बसला होता. लाडू आपला म्हणून हात पुढे. चेहरा रागाने लाल. पोरीने त्याच्याकडे पाहिलं आणि एक लाडू मुकाट्याने त्याच्या हातावर ठेवला. त्याने तो चावला. गिळला. पुन्हा चावला. मी हललेसुद्धा नाही, जणू माझ्या हालचालीने ती भूक उडून जाईल. लीला ओरडणार होती, तिच्या तोंडावर मी हात ठेवला. अर्धा लाडू खाऊन तो म्हणाला, "दशमी." मी बोटाएवढा तुकडा दिला, मग आणखी एक. डॉक्टरांनी सांगितलं होतं, भूक लागली तरी बेताने. मग मात्र पदर तोंडात कोंबून मी रडले. आजोबांना काही कळेना, ते मला पाणी देत राहिले. त्या पोरीचं नाव विचारायचं राहून गेलं, याची चुटपुट कधी जायची नाही.

संध्याकाळी कराचीला उतरलो. गाठोड्यात एक केळं आणि चिमूटभर लाह्या उरल्या होत्या. हे पुढे आले, बापूला घेतलं, आणि त्याचा हलकेपणा हाताला लागताच यांचा चेहरा उतरला. मी म्हटलं, "आज जेवलाय तो. स्वतः मागून जेवलाय." बाकीचं सगळं नंतर सांगितलं.

दिवाळीआधी यांची इकडे बदली झाली आणि आम्ही चौघं बोटीने, आगगाडीने धरणगावला परतलो. शेजारणी येतात, विचारतात, वरून काय दिसलं गं? समुद्र दिसला का? ढग कसे असतात? काय सांगू? लीला सांगते सगळं रंगवून. मी वाटभर खाली पाहिलंच नाही, मांडीवरचं तोंड पाहत बसले होते.

परवा मी भाकऱ्या थापत होते. बापू चुलीपुढे ठाण मांडून बसला होता. तिसरी भाकरी संपवून ताट पुढे सरकवलं. मी म्हटलं, "मेल्या, पोट आहे की गोणी?"

आणि परातीतला हात तसाच राहिला. त्याच्या दुखण्यात 'मेल्या' हा शब्द मी जिभेवर येऊ दिला नव्हता. लीलावर चिडले तरी गिळून टाकायची. आज तो सहज सुटला आणि घरात कुणी दचकलंही नाही. अक्का ताक घुसळत राहिल्या.

"माय, दे ना," बापू म्हणाला. मी चौथी भाकरी तव्यावर टाकली.