बर्फ, मटकी आणि ताईंचा फोन

आधी ताईंचं सांगायला हवं. क्वेकर्स हिलला त्यांच्या घरामागच्या छोट्या, सुट्या ग्रॅनी फ्लॅटमध्ये आम्ही दोघं भाड्यानं राहायचो. ताई म्हाताऱ्या माणसांच्या केअर होममध्ये नोकरीला होत्या. त्यांनी माझ्यासाठी पुष्कळ केलं, पण सगळ्यात मोठं हे, की मी फोनवर अडखळत असताना त्यांनी माझ्या हातातला फोन काढून घेतला नाही.

तेव्हा आपल्याकडची मुलं शिकायला म्हणून विमानं भरभरून येत होती. आमचे हे त्यांतलेच. दिवसा अकाउंटिंगचा कोर्स, रात्री पेट्रोल पंप. मी त्यांच्या व्हिसावर मागून आलेली. माझी शाळा नववीत सुटली होती. फोन वाजला की मी गॅस बारीक करायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात जायचे. दुकानात, बसमध्ये, डॉक्टरकडे, सगळीकडे हेच बोलायचे. हे कामावर गेले की मी जवळजवळ मुकीच.

एका रविवारी ताईंकडे हिवाळ्याच्या ट्रिपची बैठक बसली. पाच कुटुंबं, बर्फ बघायला स्नोई माउंटन्सला जायचं. कुठल्या रिसॉर्टला, ते ठरेना. आयटीतल्या एकानं कुठला उतार किती लांब ते लॅपटॉपवर काढलं होतं आणि दुसरा त्याच्याशी हुज्जत घालत होता. स्की आयुष्यात दोघांनीही पायात घातली नव्हती. दोनदा चहा झाला. शेवटी ताई म्हणाल्या, "अरे, पोरं कुठे घसरतील आणि आपण डबे कुठे उघडायचे, एवढं विचारा ना. उद्या ही करेल फोन."

ही म्हणजे मी.

"ताई, मी करतो ना," हे म्हणाले.

"तू शिफ्टला जा."

दुसऱ्या दिवशी ताई मेथी निवडायला बसल्या आणि फोन माझ्याकडे सरकवला. पहिला फोन मोठ्या रिसॉर्टला. तिकडचा माणूस सुरू झाला तो थांबेचना. मी "यस, यस, थँक यू" म्हणून ठेवून दिला.

"काय म्हणाला?"

"स्नो आहे म्हणाला."

"स्नो असणारच गं, बर्फाचाच धंदा आहे त्याचा. डब्याचं काय म्हणाला?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "तुम्हीच बोला ना, ताई."

"मी कुठे येतेय? माझी शिफ्ट आहे, त्यात हा गुडघा. जाणारीनं विचारावं." मग मेथीचं एक देठ मोडत म्हणाल्या, "आमच्या होममधल्या आज्या काय बोलतात ते मलाही आधी कळायचं नाही. मी म्हणायचे, स्लोली, डार्लिंग. कुणी मारलं नाही मला. लाव परत."

परत लावला. "प्लीज, स्लोली," म्हटलं. आणि तो माणूस खरंच हळू बोलायला लागला. घरचं जेवण आत चालणार नव्हतं. बाहेर गाडीत बसून खा, म्हणाला.

मग एका लहान रिसॉर्टला लावला. बाई होती. मुलांच्या घसरगाडीला वेगळा उतार आहे का? आहे. डबे आणले तर? टेबलांची एक खोली आहे, मायक्रोवेव्ह आहेत. ताईंनी बोटं वर करून खूण केली, मी विचारलं, किती? बाई हसली. "टू, लव्ह, पण एक जरा रुसतो."

"हेच," ताई म्हणाल्या आणि मेथी धुवायला उठल्या. माझा ब्लाउज घामानं भिजला होता, ऐन जुलैत, म्हणजे इकडच्या भर हिवाळ्यात.

ट्रिपला गेलो. एखादी गोष्ट मला चुकीची कळली असेल तर सगळे काय म्हणतील, याच काळजीत मी डोंगराखालच्या कूमा गावापर्यंत गाडीत त्या बाईची उत्तरं मनात घोळवत होते. पण खोली होती, उतार होता, रुसका मायक्रोवेव्हसुद्धा होता. मी मटकीची उसळ गरम करत होते, तेव्हा रांगेतल्या एका उंच गोऱ्या माणसानं विचारलं, कसला एवढा छान वास येतोय?

"मटकी. स्प्राउट्स. व्हेरी हॉट. यू वॉन्ट?"

त्यानं वाटी घेतली, नाक पुसत संपवली, तिखट किती घालता विचारलं. मीही सांगत बसले. मग लक्षात आलं, हे दारात प्लेटा धरून उभे आहेत आणि मुद्दाम पुढे येत नाहीयेत. बाहेर लॅपटॉपवाले भाऊ लेकाला घेऊन घसरगाडीवर बसले होते. तिथूनच ओरडले, "वहिनी, पुढच्या वर्षीचे फोनही तुमच्याकडे."

घरी आल्यावर मी आपणहून एक फोन केला, इंग्रजीच्या वर्गात नाव घालायला. ताईंना नंतर सांगितलं.

ताई आता रिटायर झाल्यात, गुडघा बदललाय. बर्फ मात्र त्यांनी अजून पाहिलेला नाही. गाडीतून उतरलं की पायऱ्या न चढता बर्फावर पाय ठेवता येईल अशी जागा कुठे आहे, ते मी विचारून ठेवलंय. या हिवाळ्यात जमलं नाही तर पुढच्या, पण त्यांना नेणार आहे. गाडी हे चालवतील, मटकी मी करीन, आणि त्या दिवशी ताईंनी कुणाशीही इंग्रजीत एक शब्द बोलायचा नाही. सगळं मी बोलणार.