कार्डावरचा सुतार
मुलाच्या दोह्यातल्या घरी परवा कपाट करायला माणूस आला, आणि तासलेल्या लाकडाच्या वासानं मला आयुष्यात कधी रंधा न धरलेला एक सुतार आठवला. कतारमधल्या रास लफानच्या गॅस प्रकल्पावर तो माझ्या हाताखाली पाइपलाइन तपासणारा इंजिनिअर होता. त्याला आणायच्या वेळी कंपनीकडं इंजिनिअरचे व्हिसा उरले नव्हते, म्हणून मीच त्याला सुताराच्या व्हिसावर आणलं. तेव्हा तसं सर्रास चालायचं. पुढं त्यानं अमेरिकेसाठी अर्ज केला आणि तिकडून आणखी पुरावे मागितले. “काका, ते विचारतात, कतारच्या ओळखपत्राच्या कार्डावर सुतार, मग इंजिनिअर कसा? तुम्ही खरं लिहून द्या, नाहीतर माझं खलास.” बाहेर धुळीचं वारं साइट ऑफिसच्या पत्र्यावर आपटत होतं. लिहून दिलं असतं तर कंपनी अडकली असती आणि माझी खुर्ची गेली असती. “बघतो, इन्शाल्ला,” मी म्हणालो. “म्हणजे नाही,” तो हसून म्हणाला. शेवटी त्याच्या हाताखालच्या साताऱ्याकडच्या एका वेल्डरनं प्रतिज्ञापत्र दिलं की, यांनी तपासल्याशिवाय आमचा एकही जोड पास होत नव्हता. अर्ज मंजूर झाला. कंपनीला हे कळलं आणि तिनं वेल्डरला कामावरून काढून गावी पाठवलं. त्याला काढल्याच्या कागदावर सही माझी होती. “साहेब, मी खोटं काय लिहिलं?” एवढंच त्यानं विचारलं. आपले लोक अजून सांगतात, त्या पोराला अमेरिकेला मी पाठवलं. साफ खोटं आहे, त्याला वेल्डरनं पाठवलं. गेल्या दिवाळीत त्या पोराचा अमेरिकेहून फोन आला, “काका, त्या वेल्डरचा नंबर लागत नाही. कामगारांच्या कॅम्पातच आहे ना अजून?” मी म्हणालो, “हो, मजेत आहे.”