बोदलकसा पाठवला, मी घरीच

मित्रांनो, आज हसू की रडू तेच कळेना.

मी एका ट्रॅव्हल ॲपसाठी घरून काम करते. तिरोड्याजवळच्या आमच्या गावात बसून लोकांच्या सहली जुळवते. थोडा वेळ माऊस हलला नाही की नावापुढचा हिरवा ठिपका पिवळा होतो आणि मॅनेजरचा मेसेज येतो.

दुपारी बाबांनी गाडी काढली. "चाल वं, बोदलकसा तलावावर जाऊन येऊ. कायले खोलीतच बसून राहिली?"

आईच्या हाती माऊस देऊन म्हटलं, "फक्त हलवत राहा."

फाटकापाशी पोचले, तर आई ओरडली, "अवं, कोणीतरी लिहून राहिलं!"

पळत परत आले. ग्राहक विचारत होता, "बोदलकसा आत्ता कसा आहे? कामातून सुटका हवीय."

बाबा एकटेच गेले. त्यांनी पाठवलेला तलावाचा फोटो मी "आमच्या गावाजवळच आहे" असं लिहून ग्राहकाला पाठवला. त्याने लगेच बुकिंग केलं. वर लिहिलं, "नशीबवान आहात, तिथेच राहता!"

आईने स्क्रीनवर वाकून पाहिलं. "त्याले सुट्टी देऊन राहिली, अन् तुले कोण देते?"

ठिपका पिवळा व्हायच्या आत मी माऊस हलवला.

तुम्हाला कोण देतं?