निळी पट्टी

२०११ च्या जूनमध्ये आई मला पुणे स्टेशनवर गोंदियाच्या गाडीत बसवायला आली. बाबा आले नाहीत. अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं गाव सोडून त्यांना पंचवीस वर्षं झाली होती, आणि त्याच तालुक्यात मुलगी दोन वर्षं शिकवायला जाते हे त्यांना पटत नव्हतं. गाडी हलताना आई खिडकीशी वाकून म्हणाली, "कुणी आडनाव विचारलं तर नुसतं पुण्याची म्हण."

हे मला नवीन नव्हतं. इंग्लिश मीडियमच्या शाळेत मी बारा वर्षं तेच केलं होतं. सगळे म्हणायचे, लाजाळू आहे. लाजाळू असण्यात किती सोय असते, हे त्यांना माहीत नव्हतं.

पुण्यातली तुम्ही भावंडं अजून फोनवर विचारता, तिथे काय ठेवलंय? म्हणून हे लिहितेय.

गावात हेडमास्तर गुरुजींनी 'पुण्याच्या मॅडम' एवढीच ओळख करून दिली, आणि मोठी धानाची शेती असलेल्या एका आजींकडे मला खोली मिळाली. आजी मला चुलीजवळ पाट द्यायच्या. भात, लाखोरीची डाळ, वर हिरव्या मिरचीचा ठेचा. मी कमी खाते म्हणून रागवायच्या. त्यांची नात चेतना माझ्याच वर्गात, चौथीत होती.

भेदभाव म्हणजे काय, ते मुलांना खेळातून शिकवायचं असं मला इथे पाठवणाऱ्या संस्थेच्या ट्रेनिंगमध्ये होतं. अर्ध्या वर्गाला एका रंगाच्या पट्ट्या, अर्ध्याला दुसऱ्या. एका रंगानं तासभर मागे बसायचं, मग अदलाबदल. त्यांच्या इंग्रजी फाइलमध्ये लिहिलं होतं, कुठलेही दोन रंग घ्या. मी कपाटातले कागद कापले, पिवळे आणि निळे, आणि मागे बसायला निळे ठरवले.

चेतनाला चिठ्ठीत निळी पट्टी आली. तिनं हात मागे घेतला. म्हणाली, "मी नाही लावत हे." आणि मागच्या रांगेतली सुजाता, जी कधी बोलायची नाही, उठून म्हणाली, "मॅडम, निळा त आमचा रंग हाये. खेळात बी आमीच मागं कायले?"

आमच्या पुण्याच्या घरात दारावर दर एप्रिलला निळा झेंडा लागतो. मला हे सुचायला हवं होतं. इंग्रजी कागद हातात असला की मी घरचं सगळं बाजूला ठेवायची, तसंच तेव्हाही झालं. मी पट्ट्या गोळा केल्या, चूक माझी आहे असं वर्गाला सांगितलं आणि गणित घेतलं.

संध्याकाळी आजींनी डाळ वाढता वाढता विचारलं, "मॅडम, तुमी कोनत्या समाजाच्या जी?" चेतना शेजारी बसून ऐकत होती. आईचं वाक्य जिभेवर आलं होतं. पण सकाळी एवढीशी सुजाता भर वर्गात बोलली होती. मी म्हटलं, "आम्ही बौद्ध."

आजींनी माझं जेवण होऊ दिलं. दुसऱ्या दिवसापासून ताट झाकून ओसरीच्या कडेला ठेवलेलं असायचं. आठवड्यानं त्यांनी पाहुणे येणार असल्याचं सांगितलं. मी अंगणवाडीच्या ताईंकडे मागची खोली घेतली. गुरुजी म्हणाले, "जाऊ द्या मॅडम, सिलॅबस पुरा करा. या भानगडी आपल्याले कायले?" मी सिलॅबस पुरा करीन म्हटलं, आणि अर्धा राहिलेला तो खेळही.

पुढच्या वेळी रंग नव्हतेच. मुलांना घेऊन तळ्याच्या पाळीवर गेले, पळसाची आणि सागाची पानं आणली, पिशवीत घालून एकेकाला काढायला लावली. सागवाल्यांसाठी नियम काय ठेवायचे, ते मी मुलांनाच विचारलं. त्यांना विचार करावा लागला नाही. माठाला हात लावायचा नाही. पाणी वरून ओंजळीत घ्यायचं. ताट बाहेर.

चेतनाला साग आला. ओंजळीतलं पाणी कोपरापर्यंत ओघळलं, फ्रॉक भिजला. तिनं वर बघून मला विचारलं, "मॅडम, आमच्या आजीनं तुमाले असंच देलं नं?"

मी हो म्हटलं.

मधल्या सुट्टीनंतर अदलाबदल झाली. पाणी ओतायची पाळी चेतनाची होती आणि समोर सुजाता. चेतना बराच वेळ तांब्या धरून उभी राहिली, मग तो सुजाताच्या हातात दिला. खेळाचा नियम मोडला म्हणून पोरांनी गिल्ला केला. मी कुणालाच दटावलं नाही.

मार्चमध्ये दुसरं वर्ष संपलं. मी आणखी दोन वर्षांसाठी अर्ज दिलाय. इथे सगळं छान आहे, असं तुम्हाला सांगणार नाही. आजी रस्त्यात दिसल्या की दुसरीकडे बघतात. मी नमस्कार करते. पुण्यात मला कुणी असं टाळलं नाही, पण तिथे मी कोण आहे, हे तरी कुणाला माहीत होतं? तिथल्या घरी माझं कपाट आहे, आई-बाबा आहेत, आणि बारा वर्षांची चुप्पी आहे. इथे भाड्याची एक खोली आणि एक वर्ग.

नकोशी झाली की पाहुणी उठून जाते. मी पाहुणी नाही. जूनच्या शेवटी नवी चौथी भरेल, आणि मी पोरांना पानं आणायला तळ्यावर नेईन.