बागेतला कळप
ओल्या लोकरीचा वास आला की मला दौंडच्या रेल्वे वसाहतीतली बाग आठवते. सत्तरच्या दशकात, मेंढरं विकल्यावर, मी वडिलांना शिरूरकडच्या गावातून दौंडला माझ्याकडे आणलं. सोबत त्यांचं लोकरीचं घोंगडं आणि कळप राखणारं कुत्रं होतं. कुत्रं कधी बांधलेलं नव्हतं. इथं करमलं नाही तर दोघं परत जातील, ही धास्ती मला रोज असायची. एका संध्याकाळी बागेत त्या कुत्र्यानं खेळणारी सहा-सात पोरं हाकत कडुनिंबाखाली गोळा केली आणि कुणाला हलू देईना. पोरं रडायला लागली. वडिलांच्या चेहऱ्यावर कौतुक होतं. माळी धावत आला. “आबा, पोरं म्हंजी मेंढरं हायेत व्हय? उद्यापासनं बांधून आणा, न्हाईतर आणूच नका.” “चावलं का कुणाला?” “न्हाई. पर भ्याली की.” वडिलांनी पोरांकडे नीट पाहिलं आणि शीळ घातली. कुत्रं पायाशी आलं. डोक्याचा पटका सोडून त्यांनी त्याच्या गळ्यात बांधला, दुसरं टोक मनगटाला गुंडाळलं आणि बोडक्या डोक्यानं ते घरी चालत आले. पुढं ते शेवटपर्यंत माझ्याकडेच राहिले. कुत्रं रोज दोरीनं बांधलेलंच बागेत जायचं, त्यामुळे शीळ घालायची गरज उरली नाही. आज मी त्यांच्या वयाचा आहे आणि ती शीळ एकदा ऐकावीशी वाटते.