हिराकाकींची बाजू

खोली भाड्याने देताना लोक नोकरी विचारतात, बायकोपोरं विचारतात, जातही विचारतात. काल्हेरच्या हिराकाकींनी मला विचारलं, "टीम कंची?"

दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. मी मूळचा अकोल्याकडचा, इथल्या एका गोदामाच्या ऑफिसात नवीनच लागलो होतो. मला वाटलं, क्रिकेटचं विचारतायत. म्हटलं, भारत. काकींनी कपाळावर हात मारला. "अरं, ती तर समद्यांचीच हाय! कबड्डीत कंची?" आता आमच्याकडे कबड्डी म्हणजे शाळेतला पीटीचा तास. टीमबीम काही नाही म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे इतकं कळवळून पाहिलं, की मी अनाथ असल्याचं सांगितलंय की काय असं मलाच वाटलं. "ज्याला टीम न्हाय त्याला हारायचं बी कळत न्हाय," म्हणाल्या, आणि किल्ली हातावर ठेवली.

त्यांची टीम राहनाळची. राहनाळ त्यांचं माहेर, काल्हेर सासर. इकडच्या गावांत लग्न होऊन आलेली बाई जत्रेच्या सामन्यांत कुठल्या कडेला बसते, हे सगळं गाव बघतं. सून पहिल्या जत्रेलाच सासरच्या कडेला येऊन बसायची, तशी रीतच. काकी गेल्या त्या थेट राहनाळच्या कडेला. सासू चिडली, नवरा गालातल्या गालात हसला, गावाने वर्षानुवर्षं चेष्टा केली. काकी काही जागच्या हलल्या नाहीत.

"माहेराची एवढी ओढ?" मी एकदा विचारलं.

"माहेर म्हून न्हाय रं. त्या मैदानाची माती आमी पोरींनी चाळलीय. भाऊ खेळायचं, आमाला कोन खेळू देतो? मंग शेतातली मऊ माती डोक्यावर आनायची, खडं येचायचं, पानी मारायचं. कोनाचं ढोपर फुटलं की शिव्या आमाला, खडा ऱ्हायला म्हून! आता सांग, ती टीम माजी न्हाय तर कोनाची?"



पुढे त्यांचा धाकटा, प्रकाश, काल्हेरच्या संघात आला. चढाईला असा चपळ, की त्याच्यावरून नजर हलत नसे. आता तरी काकी इकडे बसतील अशी सगळ्यांची खात्री होती. प्रकाशच्या तर ते फारच मनात होतं. जेवताना म्हणायचा, "आई, येक डाव माज्या बाजूनं वरड ना." काकी त्याच्या ताटात आणखी एक भाकरी टाकायच्या. "खेळ तू. घरात तुजीच हाय मी."

त्या वर्षी जत्रेचा अंतिम सामना नेमका काल्हेर आणि राहनाळचा लागला. गुण बरोबरीत, शेवटची चढाई, आणि चढाईला प्रकाश. तो राहनाळच्या अंगणात शिरला, एकाला शिवला आणि परत वळला, तोच समोरच्या कडेवरून काकींचा आवाज आला, "उजवा पाय धरा! वळताना मागं ऱ्हातो त्याचा!" कोपऱ्यातल्या पोराने झेप घेऊन त्याचा उजवा घोटा पकडला. प्रकाश मध्यरेषेच्या वीतभर अलीकडे आडवा झाला. काल्हेर हरलं.

मग जो गलका झाला, विचारू नका. "आई हाय का वैरीन?" असं एका म्हाताऱ्याने तोंडावर विचारलं. प्रकाश अंगावरची माती न झटकता घरी निघून गेला आणि कित्येक महिने आईशी बोलला नाही. काही हवं असलं तर भिंतीकडे बघून बायकोला सांगायचा. काकी पार उतरून गेल्या होत्या, पण चुकलं असं काही म्हणाल्या नाहीत. मला एवढंच म्हणाल्या, "बघत व्हते रं. तोंडातून गेलं." डोळे भरून आले होते त्यांचे. मला त्यांची फार दया आली.

त्याच दरम्यान राहनाळचं ते मैदान विकलं गेलं आणि त्यावर गोदाम उभं राहिलं. पोरं कुणी ट्रकवर गेली, कुणी गोदामाच्या ड्युटीला लागली. संघच मोडला. मी म्हटलं, "काकी, आता टीमच राहिली नाही. या की काल्हेरकडे."

"नवरा गेला तवा दुसरा केला काय मी?" काकी कडाडल्या.

आतल्या खोलीत प्रकाशला हसू आवरेना. मग काकीही हसायला लागल्या. त्या दिवसापासून मायलेकरांचं बोलणं सुरू झालं. पण त्याच्या बाजूने त्या ओरडल्या नाहीत त्या नाहीतच. पाहुणा संघ कुठलाही असो, त्याच्या कडेला जाऊन गप्प बसायच्या.

काकी गेल्या त्या चार दिवसांच्या तापाने. बाराव्याचे पाहुणे परतल्यावर प्रकाश ओट्यावर माझ्याशेजारी येऊन बसला.

"भाऊ, माजा उजवा पाय मागं ऱ्हातो हे मलाबी ठावं नव्हतं. शिकवनाऱ्याला न्हाय, संगतीच्या पोरांना न्हाय." तो चपलेशी चाळा करत होता. "बसायची त्यांच्यात. पन बघत मलाच व्हती ना?"

मी हो म्हटलं. मग तो रडला, आई गेल्यापासून पहिल्यांदाच.