बंद हेडफोनमधला हुंकार

आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर मागे एका तरुण शिक्षिकेने विचारलं होतं — ऑनलाइन तासाला मुलं कॅमेरा बंद करून बसतात, समोर नुसते काळे चौकोन... अशा वेळी बोलण्यात जीव कसा आणायचा? बऱ्याच जणांनी चांगली उत्तरं दिली. स्लाइडवर मजकूर कमी ठेवा, मध्येच प्रश्न विचारा, नाव घेऊन बोला वगैरे. मी काहीच लिहिलं नाही. माझं उत्तर तिथे लिहिलं असतं तर सगळे म्हणाले असते, बाई रिटायर झाल्या आणि कामातून गेल्या. म्हणून ते इथे लिहितेय. इथे निदान तुम्ही शेवटपर्यंत वाचता.

आधीच सांगते, मी विज्ञानाची शिक्षिका. असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. शाळेत बुवाबाजीचे प्रयोग करून दाखवायला मीच पुढे असायचे. हळदीच्या पाण्यात चुना टाकून 'रक्त' काढणं हा तर माझा हातखंडा. एकदा हळदीकुंकवाला एका बाईंच्या अंगात आलं, तर मी मनगट धरून त्यांची नाडी मोजायला बसले होते. सासूबाई पुढे कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलल्या नाहीत. तर अशी मी.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. आम्ही सांगलीत राहायचो, माझे मिस्टर नोकरीनिमित्त साताऱ्याला आणि फक्त शनिवार-रविवार घरी. तेव्हा केबलवाल्यांचे स्वतःचे लोकल चॅनेल निघाले होते. दिवसभर सिनेमे, मध्येमध्ये साड्यांच्या दुकानांच्या जाहिराती. आमच्या भागातल्या केबलवाल्याला वाटलं, दहावीच्या मुलांसाठी काहीतरी करावं. आमच्या मुख्याध्यापिकांनी विज्ञानासाठी माझं नाव पुढे केलं. आठवड्यातून एकदा, संध्याकाळी, लाइव्ह.

स्टुडिओ म्हणजे गणपती पेठेतल्या एका टीव्ही दुरुस्तीच्या दुकानावरची खोली. मागे निळा पडदा, दोन झगझगीत दिवे, फळा आणि स्टँडवर एक कॅमेरा. कॅमेऱ्यामागे बापू, म्हणजे त्या दुकानाचे मालक. मुलांनी फोन करून शंका विचारायच्या म्हणून टेबलावरच्या फोनला जोडलेला एक हेडफोन मला घालावा लागायचा.

वर्गात मी चांगली शिकवायचे, हे मी नाही, मुलं सांगतील. पण त्या कॅमेऱ्यापुढे उभी राहिले की माझा पार दगड व्हायचा! वर्गात बोलताना कोणी मान हलवतं, कोणी डोकं खाजवतं, मागच्या बाकावरचा जांभई देतो, आणि त्यावरून कळतं की कुठे थांबायचं, कुठे परत सांगायचं. इथे समोर नुसती काच. पहिला कार्यक्रम झाल्यावर शेजारच्या काकू म्हणाल्या, "छान झालं हो, पण तुम्ही बातम्या दिल्यासारखं शिकवता." बापू त्याहून मोकळे. म्हणाले, "बाई, जरा तोंड हलवा की. लोकास्नी वाटायचं, पिक्चर अडकलाय." पुढच्या दोन कार्यक्रमांतही काही फरक पडला नाही.

आता दादाबद्दल सांगायला हवं. संपत, माझा मोठा भाऊ. आमचं माहेर आष्ट्याचं, ऊस आणि हळदीची शेती. दादा दहावीला विज्ञानातच नापास झाला आणि फौजेत भरती झाला. लहानपणी हळद शिजवायचे दिवस आले की आम्ही शेतावरच असायचो. हळदीच्या मोठ्या काहिलीखालच्या जाळात उसाचं वाळलं पाचट सारायचं काम दादाकडे. जाळाच्या उबेला बसून त्याला पेंग यायची आणि जाळ विझायचा... एकदा तर तो बसल्या जागी जाळाकडेच कलंडला. तेव्हापासून आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, माझ्यावर काम सोपवलं. "सुमे, तू बडबडी हायस, त्याच्यापाशी बस. काय बी सांग, पण गड्याला झोपू दिऊ नकोस."

मग मी गोष्टी सांगायचे आणि दादा हुंकार द्यायचा. त्याचा हुंकार वेगळाच होता. नाकातून यायचा, लांब, आणि शेवटी जरासा वर जायचा. "हूंऽ?" म्हणजे पुढे काय, असं विचारल्यासारखा. आमचा नियम ठरलेला. हुंकार चुकला की गोष्ट तिथेच थांबवायची आणि विचारायचं, "दादा, जागा हायस न्हवं?" तो म्हणायचा, "हाय. सांग फुडं." हे ऐकल्याशिवाय गोष्ट एक शब्दही पुढे सरकायची नाही.

त्या वर्षी दादा वर सरहद्दीवर, बर्फातल्या चौकीत होता. दर रविवारी वाण्याच्या दुकानात त्याचा फोन यायचा, आई तिथेच बसून वाट बघायची. जानेवारीत फोन बंद झाले. माझ्या चौथ्या कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी आबा स्वतः एसटीने सांगलीला माझ्या घरी आले. दारातच उभे राहिले, आत यायलाही तयार नव्हते.

"संपतच्या चौकीवर बरफ घसरलंय. सगळी गावली, ह्योच गावंना. हुडकायला लागल्यात म्हणं."

मी आष्ट्याला यायला निघाले, तर म्हणाले, "येऊन काय करशील? तुझ्या आईला अजून सांगितल्यालं न्हाई. तुझं त्वांड बघितलं की तिला लगेच कळंल. उद्या ये." आणि आल्या पावली परत गेले. कधी कोणापुढे न वाकलेला माझा बाप त्या दिवशी जिना उतरताना कठडा धरून उतरला.

संध्याकाळी मी कार्यक्रमाला का गेले, असं पुढे खूप जणांनी विचारलं. घरात बसवत नव्हतं, एवढंच कारण. भिंतीकडे बघत बसण्यापेक्षा पचनसंस्था शिकवलेली बरी, असं वाटलं. बापूंना मी काही सांगितलं नाही. ते म्हणाले, "बाई, रस्ता खणताना कुणीतरी केबल तोडलीया, सकाळधरनं फोन बंद हाय. हेडफोन आपला शोभेला घाला." मी रिसीव्हर उचलून पाहिला. साधी घरघरसुद्धा नव्हती.

दिवे लागले. बापूंनी हात केला. मी सुरुवात केली — "विद्यार्थी मित्रहो, अन्नाचे पचन तोंडापासून सुरू होते..."

"हूंऽ?"

हेडफोनमध्ये, अगदी कानाशी. मला वाटलं भास झाला. पुढे बोलले. लाळ, अन्ननलिका...

"हूंऽ?"

मी बापूंकडे पाहिलं. ते कॅमेऱ्यात डोळा घालून वाकले होते. मला वाटलं, ह्यांनीच मला धीर द्यायला हे सुरू केलंय. तरी पण तो आवाज! नाकातला, शेवटी वर जाणारा. खरं सांगू? मी विचार करणं सोडून दिलं आणि त्या हुंकाराला धरून बोलत सुटले. पुस्तकी भाषा कुठल्या कुठे गेली. घास तोंडात गेला की त्याचं काय काय होतं, ते मी जाळापुढे बसून गोष्ट सांगावी तसं सांगत होते. जठराच्या पिशवीत तो कसा घुसळला जातो ते हातवारे करून दाखवलं. प्रत्येक वाक्याला हुंकार येत होता. हळूहळू तो लांबायला लागला, बारीक व्हायला लागला... आणि जठरातून अन्न लहान आतड्यात जातं, एवढं मी म्हणाले, तेव्हा आलाच नाही.

मी थांबले. सकाळपासून जे मनात येऊ दिलं नव्हतं ते सगळं एकदम आलं. कॅमेरा चालू होता, पण मला त्याचं भान राहिलं नाही. मी विचारलं, "दादा, जागा हायस न्हवं?"

काही नाही. बापू कॅमेऱ्यामागून हात हलवत होते, चालू ठेवा, चालू ठेवा. पण नियम म्हणजे नियम. मी पुढचा शब्द बोलणार नव्हते. "दादा!" मी ओरडले, अक्षरशः ओरडले, "जागा हायस न्हवं रं?"

किती वेळ गेला माहीत नाही. मग कानात आलं, थकलेलं, चिडलेलं, झोपेतून उठवल्यासारखं —

"हाय. सांग फुडं."

मी डोळे पुसले आणि लहान आतडं सांगितलं, मोठं आतडं सांगितलं. ते संपलं तरी थांबायची भीती वाटत होती, म्हणून पुन्हा तोंडापासून सुरू केलं. हुंकार येत राहिला. शेवटी बापूंनीच दिवे बंद केले, कारण पुढचा सिनेमा लावायचा होता.

"बापू, तुम्ही हुंकार देत होता ना?" मी विचारलं. माझी आशा म्हणा, शंका म्हणा, त्या उत्तराला टांगली होती.

बापूंनी आधी खिडकीतून पिंक टाकली. "म्या? आवं, माझ्या तोंडात तंबाखू हुती. म्या कसला हुंकार देतोय? तुमीच कुणाला तरी हाका मारत हुता. म्या लय घाबारलो."

त्यांनी कार्यक्रम टेप केला होता. आम्ही तिथेच लावून बघितला. माझे सगळे शब्द होते, माझं ओरडणं होतं. बाकी काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मी आष्ट्याच्या एसटीत चढायच्या आत, आबांनी पाठवलेला गावचा माणूस स्टँडवरच निरोप घेऊन भेटला. दादा सापडला. जिवंत आहे, दवाखान्यात आहे. सांगलीच्या स्टँडवर, भर गर्दीत, मी खाली बसून रडले. पोटभर रडले! एका अनोळखी मावशींनी मला पाणी पाजलं आणि कोण गेलं म्हणून विचारलं. मी म्हणाले, "कोणी नाही गेलं हो, कोणी नाही गेलं." 

शाळेत मला वाटलं, आता चांगली हजेरी घेतली जाणार. पोरं मधल्या सुट्टीत एकमेकांना "जागा हायस न्हवं?" करून हसत होतीच. पण मुख्याध्यापिका म्हणाल्या, "बाई, पालकांनी येऊन कौतुक केलं. त्या दिवशी पहिल्यांदा तुम्ही कोणाशी तरी बोलत होता."

मिस्टर शनिवारी साताऱ्याहून आले. त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, काळजीने मन असं खेळ करतं, तू स्वतःच शिकवतेस की हे मुलांना. मला पटलं. अगदी मनापासून पटलं, आणि बरंही वाटलं. हुंकाराची गोष्ट मी आष्ट्याला कोणालाच सांगितली नाही. तिथे आमचा चॅनेल दिसतही नव्हता. केबलवाल्याची वायर जिथे संपायची तिथे आमचा चॅनेल संपायचा. आणि कार्यक्रम सुरू झाला तेव्हा दादाचे फोन बंदच झाले होते, त्याला त्यातलं काहीही माहीत असायचं कारण नव्हतं.

दादा सुट्टीवर घरी आला तेव्हा उन्हाळा लागला होता. पायाची दोन बोटं गेली होती, बाकी धड. आईने भाकरी आणि वांग्याचं भरीत वाढलं. सगळे त्याच्याकडे बघत होते आणि तो खाली मान घालून जेवत होता. मध्येच घास हातात धरून माझ्याकडे वळला.

"सुमे, तुला काय अक्कल हाय का न्हाई गं? उपाशी माणसाला जठर सांगतीस व्हय?"

माझ्या हातातलं ताट पडलं.

मग त्याने सांगितलं. चौकीचं छप्पर बर्फाखाली गेलं, तो एका कोपऱ्यात अडकला. हलता येत नव्हतं, ओरडून ओरडून घसा बसला होता. झोपायचं नाही हे पक्कं माहीत होतं, तरी झोप अशी यायची की आईच्या मांडीवर डोकं असल्यागत वाटायचं. "आन तवाच तुझी बडबड सुरू झाली. घास, लाळ, पिशवी... म्या म्हनलं, ही काय गोष्ट हाय व्हय? पर हुंकार द्यायची सवय. देत ऱ्हायलो. मधीच लागला डोळा. तर तू अशी वराडलीस, माझं कानच बसलं."

आबांनी विचारलं, "आन मग गावलास कसा?"

दादाने घास तोंडात घातला, सावकाश चावला.

"शोधणारी पोरं दुसऱ्या अंगाला खणायला निघाली हुती. एक जण माघारी फिरला. त्यो म्हनला, थांबा... बर्फाच्या खालनं कुणीतरी हूं हूं करतंय."

आई पदर तोंडाला लावून आत निघून गेली. आबा उठून बाहेर गेले आणि बराच वेळ बैलापाशी उभे राहिले.

पुढे त्याच्या सांगण्यावरून आम्ही दिवस पडताळून पाहिला. तोच दिवस, तीच संध्याकाळ. मिस्टरांनी त्यानंतर पुन्हा कधी 'मनाचे खेळ' हा शब्द काढला नाही. मी तोच हेडफोन घालून दहावीचा सगळा अभ्यासक्रम संपवला, पण त्यात पुन्हा हुंकार आला नाही. त्याची गरजही पडली नाही. त्या दिवसापासून काचेच्या पलीकडे कोणीतरी आहे आणि ते झोपू नये, अशाच बेताने मी बोलत आले. त्या तरुण शिक्षिकेला माझं उत्तर एवढंच.

ह्याचं स्पष्टीकरण मी खूप शोधलं. तेव्हा सापडलं नाही, आजही नाही. मध्यंतरी, रिटायर व्हायच्या थोडं आधी, मी घरून ऑनलाइन तास घेत होते, तेव्हा दादा सांगलीला आला होता. आता तो ऊस बघतो, पाय ओढत चालतो. लॅपटॉपच्या पलीकडे खुर्चीत बसून माझा तास ऐकत होता. तास संपल्यावर मी त्याला पुन्हा विचारलं, दादा, हे झालं कसं रे? तुला काय वाटतं?

तो चपला शोधत होता. म्हणाला, "त्यात काय वाटायचंय? तू हाक मारलीस, म्या ओ दिली."